मुंबई तासावर नाही

बेळगाव ते मुंबई हवाई अंतर सुमारे ४०० किलोमीटर, वेळ तासाभराचा. हा हिशेब विमानाचा झाला. माणसाचा हिशेब त्याच्या उंबऱ्यापासून सुरू होतो. बेळगुंदी गाव बेळगाव शहराच्या पश्चिमेला, सांबरा विमानतळ पूर्वेला. अख्खे बेळगाव ओलांडून पंचवीसेक किलोमीटर जायचे, उड्डाणाआधी तास-दीड तास हजर राहायचे, तिकडे उतरून पुन्हा मुंबईच्या गर्दीत शिरायचे. पाच तास सहज गेले. तेही विमान असेल त्या दिवशी.

विमान असेलच याची खात्री कोणी देत नाही. छोटी शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेत कंपनीला तीन वर्षे सरकारकडून तूट भरून मिळते. पुढे काय होते, ते महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे: ७७४ मार्ग मंजूर झाले, ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर तगले फक्त ५४. सांबऱ्याला नवी इमारत २०१७ साली मिळाली, ती चांगलीच आहे. पण फीत कापणाऱ्यांनी चौथ्या वर्षाचे काय, हेही त्याच दिवशी सांगायला हवे.

पॅरिस आणि लियाँ यांच्यातले हवाई अंतर बेळगाव-मुंबईएवढेच, ३९० किलोमीटरच्या आसपास. तिथे १९८१ पासून वेगवान रेल्वे धावते आणि दोन तासांत शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात सोडते. अडीच तासांच्या आत रेल्वेने जाता येते, तिथले देशांतर्गत विमान बंद, असा नियम फ्रान्सने २०२३ साली लागू केला. पॅरिसच्या ओर्लीहून लियाँला जाणारा हवाई मार्ग या बंदीत आला. रेल्वे आधी, बंदी नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता आपला लोहमार्ग बघा. बेळगावहून घटप्रभा, रायबाग, मिरज, पुणे असे करत मुंबई साधारण ६१० किलोमीटर. बंगळूरही रेल्वेने तेवढेच, ६१० च्या आसपास. अंतर सारखे, पण बंगळूरला १० ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत जाते. पहाटे बसलेला माणूस दुपारी पोहोचतो. कर्नाटकाने पाठपुरावा केला, गाडी मिळवली, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मुंबईला जाणाऱ्याची मात्र अख्खी रात्र रेल्वेत नाहीतर ट्रॅव्हल्समध्ये जाते. पुण्यापर्यंत हुबळीची वंदे भारत आहे, पुढे गाडी बदला. निपाणीकरांचे हाल वेगळेच. त्यांच्या गावाला रेल्वेच नाही, आधी कोल्हापूर गाठायचे.

बेळगाव-निपाणीचा भाग कर्नाटकातून महाराष्ट्रात यावा, या सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. निकाल यायचा तेव्हा येईल. पण बेळगाव-मुंबई दिवसाची गाडी मागायला न्यायालयाची तारीख लागत नाही. त्यासाठी रेल्वे मंत्रालयाला पत्र लागते, खासदारांचा तगादा लागतो आणि वर्षानुवर्षे मागे लागण्याची चिकाटी लागते. सीमाभाग आपला म्हणणाऱ्या प्रत्येक मुख्यमंत्र्याकडे बेळगुंदीने, निपाणीने हेच मागावे: सकाळी बेळगावहून सुटणारी आणि दिवस मावळायच्या आत दादरला पोहोचणारी एक गाडी, रोज.