अँडीजचा मूळनिवासी: नवशिक्यांसाठी कृती

साहित्य: एक व्हाइसरॉय, पुरेसे कारकून आणि चांदीची एक खाण. माणसं तिथे आधीपासून असतातच, त्यांची वेगळी तजवीज लागत नाही.

आधी माणसं एका जागी आणा. स्पेनचा पेरूतला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने 1570 च्या दशकात डोंगरउतारांवर विखुरलेल्या लाखोंना चौक, चर्च आणि सरळ गल्ल्या असलेल्या नव्या गावांत कोंबलं. मग 18 ते 50 वयाचे पुरुष मोजा. कर कोण देणार आणि पोतोसीच्या खाणीत कोण जाणार, ते लिहून काढा. डोंगराला, झऱ्याला पूर्वज मानणारी नाती या रकान्यांत बसत नाहीत. ती मूर्तिपूजेच्या खटल्यांत नोंदवा. पुढे अभ्यासक त्याच खटल्यांतून या लोकांचा धर्म शोधणार आहेत, तेव्हा अक्षर सुवाच्य असू द्या.

आता इतिहास. आधीचे राज्यकर्ते इंका जुलमी होते असं दाखवलं की राज्य बळकावणं न्याय्य ठरतं. तोलेदोने हे काम पेद्रो सार्मिएंतो दे गांबोआकडे सोपवलं आणि 1572 मध्ये ते हस्तलिखित कुस्कोतल्या इंकांच्याच वंशजांना वाचून दाखवून त्यांची मान्यता घेतली. त्याच वर्षी, त्याच शहरात, शेवटचा इंका तुपाक अमारू याचा शिरच्छेद झाला. साक्षीदार अशा वातावरणात फारशी खळखळ करत नाहीत.

गाठींच्या दोऱ्यांत हिशेब ठेवणारे क्विपू आधी वाचून घ्या, उतरवून घ्या. 1583 च्या लिमा धर्मपरिषदेने ते लोकांकडून काढून घ्यायला सांगितलं.

कधीकधी माल स्वतःच बोलू लागतो. ग्वामान पोमा या मूळनिवासी लेखकाने 1615 च्या सुमारास स्पेनच्या राजाला सुमारे 1,200 पानं लिहिली, चित्रांसह. ती 1908 मध्ये कोपनहेगनच्या ग्रंथालयात सापडली. मात्र हाच अस्सल, निर्भेळ आवाज म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका: हे गृहस्थ स्वतः मूर्तिपूजा निपटणाऱ्या पाद्र्याच्या हाताखाली राबलेले, आणि मिश्रवंशीयांवर त्यांचा भारी राग.

एक धोका राहतो: हेच कागद पुढे उलटू शकतात. बोलिव्हियाने 1874 च्या कायद्याने सामूहिक जमिनी मोडीत काढल्या. 1883 मध्ये, वसाहतकाळात राजाकडून विकत घेतलेल्या जमिनींची सनद दाखवणाऱ्यांना सूट दिली. मग सांतोस मार्का तुलासारखे आयमारा पुढारी थेट लिमाच्या दप्तरखान्यापर्यंत त्या सनदा शोधत गेले. तेव्हा वसुलीचे कागद करताना मोजमापं आणि सीमा बिनचूक लिहा, किंवा मग मुळीच लिहू नका.