जिना इथून काढू या!

सातारा-सांगलीकडं रो-हाऊसच्या प्रत्येक रांगेत एक अण्णा असतातच. नोकरी पाटबंधाऱ्यात, बँकेत नाहीतर शाळेत झालेली. निवृत्तीनंतर खिशात पेनाच्या जागी टेप. घर 12 बाय 30. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळं अण्णांना जे काही पाडायचं ते आतल्या आतच पाडावं लागतं.

लग्नाची पत्रिका घेऊन जा. मुहूर्त न बघताच अण्णा ती उलटी करतात आणि कोऱ्या बाजूवर घराचा नवा नकाशा काढायला घेतात.

खरा वैरी जिना. मजल्याची उंची 10 फूट, 7 इंचाची पायरी धरली तर सतरा चढ. पाऊल टेकायला 10 इंच सोडले की सरळ जिना 13 फुटांच्या वर जातो. मग जावयाला बसवायचं कुठं? जिना दुमडला तर रुंदी जाते. मागून लोखंडी गोल जिना केला, तर कपाट वर जात नाही.

"कपाट दोरानं गॅलरीतून चढवू," अण्णा म्हणतात.

"आणि मला?" आतून काकू.

काकूंचे गुडघे आजवर एकाही नकाशात आलेले नाहीत.

त्यात वास्तुशास्त्र. घराचं तोंड पश्चिमेला, म्हणजे ईशान्येचं देवघर आणि आग्नेयेचं स्वयंपाकघर, दोन्ही मागच्या भिंतीला. संडास मग सरकत सरकत दिवाणखान्यात येतो. उजेड पुढून आणि मागूनच, त्यामुळं मधल्या खोलीत भर दुपारी दिवा. जुन्या घरांत निदान काचेचं कौल तरी होतं.

साताऱ्याच्या अण्णांना अजिंक्यताऱ्याच्या डोंगराचा उतार छळतो. सोप्यातून स्वयंपाकघरात जायला दोन पायऱ्या, आणि त्यांना सगळं 'एका लेव्हलला' हवं. सांगलीच्या अण्णांचं घर आयर्विन पुलावरच्या पुराच्या आकड्यांवर चालतं : 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 साली पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, तेव्हा त्यांनी देव, फ्रिज, गॅस वरच्या मजल्यावर हलवले आणि खालची बटणं इतकी उंच घेतली की नातवाला दिवा लावायला खुर्ची लागते. खाली उरली मोटारसायकल आणि मुक्कामाचे पाहुणे. अण्णांच्या सगळ्या बदलांत शहाणपणाचा एवढाच, हे मात्र मान्य करायला हवं. पाहुण्यांसकट.

शेवटी गवंडी येतो. भिंतीवर थापी वाजवतो.

"अण्णा, ही नऊ इंची हाय. वरचा स्लॅब हिच्यावरच बसलाय."

"मग थोडी खरवडून चार इंची होईल का?"

गवंडी अनुभवी. नाही म्हणत नाही. चहा संपवतो, "बघू की सोमवारी" म्हणतो आणि उचल मागतो. अण्णा लगेच देतात. काकूंच्या हिशेबानं अशा उचलींत एव्हाना वर एक अख्खी खोली झाली असती, जिन्यासकट.