पाराभाऊ

कंपनीनं जे दिलं ते निमूट वापरणं काही माणसांच्या रक्तातच नसतं. घरात नवा मिक्सर आला की हे आधी त्याचा खालचा स्क्रू उघडतात. लूनाच्या कार्ब्युरेटरशी यांनी एवढी खटपट केलेली असते की शेवटी पळायचं सोडून लूनाच थकते. असा एक जण प्रत्येक गावात असतो. वाशीमचा आमचा पाराभाऊ.

त्याचं खरं नाव शिधापत्रिकेवर आहे आणि तिथंच राहिलं आहे. गाव त्याला पारा म्हणतं, कारण रस्त्यात भेटला की तो रामराम करायच्या आधी आकडा सांगतो. "आज बासष्ट." नवख्या माणसाला वाटतं सोयाबीनचा काही हिशेब असेल. तो आकडा असतो पाराभाऊच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरच्या तापमानाचा, अंश सेल्सिअसमध्ये, आज सकाळचा.

पाटणी चौकापासून जवळच त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. पुढं काउंटर, काउंटरमागं पोती, आणि पोत्यांच्या मधोमध तो डबा, एका बाजूचं झाकण कायमचं काढलेला. झाकण का काढलं असं विचारू नये. विचारलं तर गिऱ्हाईक पेरणीला उशिरा पोचतं.

त्याला हे खूळ लागलं १९९८ साली. त्या वर्षी १ जुलैला अकोला जिल्ह्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला, आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत इंटेलनं सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर बाजारात आणला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्‌झ. पण तो वेग म्हणजे ६६ चा पाया आणि साडेचारचा गुणक. पाया ६६ वरून १०० केला की तीच चिप ४५० ला पळायची, आणि ४५० चा पेंटियम घ्यायचा तर तेव्हा त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. काही मदरबोर्डांवर ही सोय नव्हती. तिथं प्रोसेसरच्या एका विशिष्ट पिनेवर इन्सुलेशन चढवलं की बोर्ड फसायचा. जगभर लोकांनी त्यासाठी टेप वापरली, कुणी नखपॉलिश. पाराभाऊनं लग्न ठरलेल्या बहिणीची नखपॉलिश वापरली, गुलाबी. बहीण आजही ते विसरलेली नाही. पाराभाऊ मात्र अभिमानानं सांगतो, "वाशीमले बढती भेटली अन् माह्या सेलेरॉनले बी. एकाच साली."

त्यानंतर पुष्कळ चिपा आल्या, गेल्या, एकदोन जळल्याही. पण त्याच्या आयुष्यातलं खरं पर्व सुरू झालं २०११ च्या जानेवारीत आलेल्या कोअर आय५-२५००के पासून. याचा पाया १०० आणि गुणक ३३, म्हणजे ३.३ गिगाहर्ट्‌झ. नावाच्या शेवटी 'के' असलेल्या चिपेच्या गुणकाला कंपनीनं कुलूपच लावलेलं नव्हतं. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगांत, जायचं आणि ३३ च्या जागी हवा तो आकडा लिहायचा. पाराभाऊ महिनाभर एकेका आकड्यानं वर चढला. ज्या दिवशी ४५ वर मशीन स्थिर राहिली, त्या दिवशी त्यानं आळीत पेढे वाटले. "पंचेचाळीस आले!" सगळ्यांना वाटलं पोरगा बारावी पास झाला. दोघातिघांनी पोराच्या पाठीवर हात ठेवून धीरही दिला, की पंचेचाळीस टक्क्यांतही पुष्कळ काही करता येतं. पोरगा तेव्हा सातवीत होता.

प्रोसेसर पळवणं अवघड नाही, तो थंड ठेवणं अवघड. वेग वाढवला की तो टिकवायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि उष्णता वेगाच्या पटीत वाढते तशी व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. पाराभाऊच्या डब्यात वेग छत्तीस टक्क्यांनी वाढला तेव्हा उष्णता सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढली. ही उष्णता बाहेर काढायला त्यानं वीतभर उंचीचा हीटसिंक बसवला. खाली तांब्याच्या नळ्या, त्यांच्यात किंचित द्रव. तो प्रोसेसरपाशी तापून वाफ होतो, वर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत जाऊन थंड होतो, पुन्हा खाली येतो. बाजूला १२० मिलिमीटरचा पंखा. पाणी खेळवून प्रोसेसर थंड करायची सोयही बाजारात मिळते, पण पाराभाऊला ती नामंजूर आहे. "पाण्याचं वाशीमले सांगू नोको. नळाले येत नाही, तं डब्यात कायले सोडू?"

हवेवर भिस्त ठेवली की हवेचं ऐकावं लागतं. कोणताही पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंशांवर तो थांबेल एवढंच हीटसिंकच्या हातात. युरोपातला कुणी २२ अंशांच्या खोलीत बसून ६८ अंश सांगतो. म्हणजे फरक ४६ चा. तोच फरक मे महिन्यातल्या वाशीमच्या ४२ मध्ये मिळवा: ८८. आणखी दहा अंश वर गेलं की ही चिप स्वतःच घाबरून वेग कमी करते. पाराभाऊ त्याला 'हिचं रुसणं' म्हणतो.

यावर त्यानं काढलेला तोडगा फक्त वऱ्हाडातल्या बियाणंवाल्यालाच सुचेल. बायॉसमध्ये वेगवेगळ्या सेटिंगा नावं देऊन साठवता येतात. पाराभाऊनं तीन साठवल्या: खरीप, रब्बी आणि उन्हाळी. खरिपात ४.३, रब्बीत ४.५, उन्हाळीत निमूट ४.०. डिसेंबरच्या कडाक्यात एखाद्या रात्री अंगावर घोंगडी घेऊन, दुकानाचं शटर अर्धं उघडं ठेवून त्यानं ४.७ सुद्धा पाहिलेला आहे. बाहेर शेकोटीला बसलेले लोक शटर लावून घे म्हणत होते, आणि हा म्हणत होता, "थंडी आत येऊ द्या, वाया चालली."

घरात यावरून युद्ध पेटलं ते एका अक्षय्यतृतीयेला. माळ्यावरचा कूलर खाली आला, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या बसल्या, पंप सुरू झाला, आणि संध्याकाळी वहिनी पाहतात तर कूलर दुकानात, तोंड डब्याकडं. घरात पोरगा घामानं निथळतोय आणि प्रोसेसर वाळ्याच्या वासात बसलाय. "मले अन् पोराले हवा लागते का तुमच्या त्या डब्याले?" वहिनींनी विचारलं. पाराभाऊ गप्प. त्याला उत्तर माहीत होतं, पण ते बोलण्यासारखं नव्हतं. आठ दिवसांत निकाल आपोआप लागला: ओलसर हवेनं खताच्या धुळीचा गिलावा केला, हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये तो घट्ट बसला, तापमान उलट सहा अंशांनी चढलं. कूलर घरी गेला. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत, त्याचा पाराभाऊला जास्त त्रास झाला.

तेव्हापासून सफाईचा दिवस ठरलेला आहे, खंडेनवमी. बाकी लोक त्या दिवशी अवजारं पुजतात. पाराभाऊ हीटसिंक खोलतो, रंगाच्या ब्रशनं पत्र्यांतली धूळ काढतो, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली उष्णता वाहणारी जुनी पेस्ट पुसतो आणि प्रोसेसरच्या पाठीवर मधोमध नव्या पेस्टचा थेंब ठेवतो, मुगाच्या दाण्याएवढा. जास्त झाली तर कडेनं ओघळते, कमी झाली तर मध्ये हवा राहते. थेंब ठेवताना तो श्वास रोखतो आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही रोखावा अशी त्याची अपेक्षा असते. मग चार स्क्रू कर्णात, आळीपाळीनं, अर्धा अर्धा वळसा. शेवटी पंख्याच्या चौकटीला हळदकुंकू.

त्यानंतर परीक्षा. मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्यांनी काढलेला प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम आहे; तो प्रोसेसरला एक क्षण उसंत न देता प्रचंड आकडेमोड करायला लावतो. त्यावर बारा तास टिकली ती मशीन स्थिर. भारनियमनाच्या काळात बारा तास सलग वीज हेच मुळात आश्चर्य होतं. अकराव्या तासाला दिवे गेले की पाराभाऊ वीज कंपनीला जे बोलायचा ते छापता येत नाही.

तो फक्त एकदा मोहात पडला. २०११ च्या ऑगस्टअखेरीस एएमडीनं द्रव हेलियम वापरून आपला एफएक्स प्रोसेसर ८.४२९ गिगाहर्ट्‌झला नेला आणि गिनीजमध्ये विक्रम नोंदवला. हेलियम वाशीमला कुठला? पण द्रव नायट्रोजन आहे, उणे १९६ अंशांचा. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या मात्रा त्यातच ठेवतात. पाराभाऊ थर्मास घेऊन ओळखीच्या डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाराभाऊ, ह्या भांड्यात तालुक्याच्या पुढच्या कालवडी हायेत. तुमच्या डब्याले दूध येते का?"

आता एवढ्या वेगाचं तो करतो काय, हे सांगायलाच हवं. बिलं. डीएपीची दोन पोती, सोयाबीनची एक बॅग, वरचा कर. ४.५ गिगाहर्ट्‌झची ती चिप ही बेरीज डोळ्याचं पातं लवायच्या आत करते. मग ते बिल डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडं जातं, जो त्याच्या वडिलांच्या काळातला आहे आणि कुणाचं ऐकत नाही. करर्र... करर्र... कागद अडकतो, पाराभाऊ तो सोडवतो, पुन्हा करर्र. गिऱ्हाईक पोत्यावर बसून बिडी शिलगावतं.

अलीकडं मात्र तो उदास असतो. कंपन्या आता स्वतःच चिप शेवटच्या थेंबापर्यंत पिळून विकतात. २०२२ च्या रायझेन ७००० ला तर कामाच्या भरात ९५ अंशांपर्यंत जायची कंपनीचीच परवानगी आहे. २०२३ च्या जानेवारीत इंटेलची एक चिप खोक्यातूनच ६ गिगाहर्ट्‌झला पळत आली. पाराभाऊला काढायला काही उरलंच नाही. मग त्यानं उलटा रस्ता धरला. पोराच्या नव्या मशीनचं व्होल्टेज तो आता थोडं थोडं कमी करतो, वेग तेवढाच राखून. पोरगं विचारतं, "बाबा, याचा फायदा?" पाराभाऊ पडद्याकडं बोट दाखवतो. "चौदा अंश कमी झालं ना बे."

पाराभाऊला वेग हवा होता असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर प्रिंटर कधीच बदलला असता. त्याला हवा होता कंपनीनं कागदावर लिहिलेला एखादा आकडा स्वतःच्या हातानं खोटा पाडल्याचा आनंद, आणि तो त्यानं खताच्या दुकानात बसून पुरेपूर घेतला.

तुम्ही वाशीमला त्याच्याकडं बियाणं घ्यायला गेलात तर वेळ काढून जा. आणि डबा किती तापलाय हे चुकूनही विचारू नका. निदान पेरणी आटपेपर्यंत तरी.