साडेसदतीस ग्रॅम कलेजी

(श्वानास घरच्या घरी समतोल कच्चा आहार देऊ इच्छिणाऱ्यांसाठी नियमावली)

नियम पहिला. घरात प्रथम एक अविवाहित दीर असावा. कुत्रा मागाहून आणला तरी चालतो. दीर संगणकावर काम करणारा, रात्री दोनपर्यंत जागणारा आणि स्वतः मिसळ, चहा व बिस्किटं यांवर जगणारा असल्यास उत्तम. आमच्या भाऊजींना आपण काल रात्री काय जेवलो ते आठवत नाही, पण वाघ्याच्या जेवणातल्या कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. (1.2 ला 1. मी उठवून विचारलंय.)

नियम दुसरा. गणित पक्कं हवं. वाघ्या लॅब्रॅडॉर, वजन 30 किलो. मोठ्या कुत्र्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के अन्न द्यावं, अशी कच्च्या आहारवाल्यांची रूढ मोजणी आहे. अडीच टक्के धरले तर 750 ग्रॅम. त्यात 80 टक्के मांस, 10 टक्के हाड, 5 टक्के कलेजी आणि 5 टक्के गुर्दा वगैरे इतर अवयव. म्हणजे 600 ग्रॅम मांस, 75 ग्रॅम हाड आणि साडेसदतीस ग्रॅम कलेजी.

आता रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत उभं राहावं, आपला नंबर आला की खणखणीत आवाजात म्हणावं, "दादा, साडेसदतीस ग्रॅम कलेजी द्या." दादांनी सुरी खाली ठेवली. "वहिनी, सोनाराकडं जायचं हुतं काय?"

कुत्र्यासाठी हवीय म्हटल्यावर रांगेतले हसायचे थांबले. मागच्या आजोबांना कलेजी कुत्र्याला जाते याचं वाईट वाटलं नाही, ती कच्ची जाते याचं वाटलं. ज्या गावात तांबडा-पांढऱ्यासाठी पाहुणे मुक्काम वाढवतात, तिथे मटणाला फोडणीसुद्धा न मिळणं म्हणजे काय, हे भाऊजींना कळायचं नाही. ते चाळिशीच्या आतले आहेत.

कलेजीचं माप मात्र थट्टेवारी नेऊ नये. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर घातली तर ते शरीरात साठत जाऊन हाडं-सांधे बिघडतात. हाडाचंही तसंच. 75 ग्रॅम हाड म्हणजे 75 ग्रॅमचा तुकडा नव्हे. कोंबडीच्या पंखात साधारण निम्मं हाड आणि निम्मं मांस-कातडं, तेव्हा पंख दीडशे ग्रॅमच्या आसपास घ्यावे लागतात आणि तेवढं मांस 600 मधून वजा करावं लागतं. हाड अजिबात नको असेल तर अंड्याची कवचं वाळवून, दळून घालतात. 5 ग्रॅम पुडीत जवळपास 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. नुसतं मांस घालून "वाघासारखं वाढवतोय" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं: मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. कमी पडलेलं कॅल्शियम शरीर स्वतःच्याच हाडांतून काढून घेतं. पिल्लांची हाडं यात वाकतात, मोडतात.

नियम तिसरा. कांदा नाही, लसूण नाही, मनुका-बेदाणे नाहीत, शिजवलेलं हाड नाही. या नियमात विनोद शोधू नये.

नियम चौथा. कुत्रा हा मूळचा लांडगा आहे, असं दिवसातून एकदा तरी म्हणावं. या पंथाचे आद्य आचार्य म्हणजे ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट. त्यांचं पुस्तक 1993 चं. भाऊजी ते पोथीसारखं वाचतात, तेव्हा लांडगा शेजारी दिवाणावर पाय वर करून घोरत असतो.

सासूबाईंचा या पंथावर विश्वास नाही. दुपारी भाऊजींची मीटिंग सुरू झाली की त्या वाघ्याला तूप लावलेला भाकरीचा तुकडा देतात. यावरून घरात बरंच झालं. पण 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी कुत्र्याचे आणि लांडग्याचे जनुक ताडून पाहिले, तर कुत्र्यात पिष्ट पचवणारे जनुक कितीतरी जास्त निघाले. माणसाच्या उंबऱ्याशी राहून तो भाकरी पचवायला शिकला. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? मी काय वेगळं म्हणत होते?"

चंपाषष्ठीला मात्र दोन्ही पक्षांचा तह होतो. भरीत-रोडग्याचा घास खंडोबाच्या कुत्र्याला द्यायचा, ही घरची रीत. भरितातला पातीचा कांदा कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. म्हणून वाघ्याच्या वाटचं वांगं कांदा घालायच्या आधीच बाजूला काढतात. हे सासूबाईंनीच सुचवलं.

(नियम पाचवा आणि सहावा वजडीविषयी होते. वजडीवर सासऱ्यांचा दावा असल्यामुळे ते भाऊजींनी मागे घेतले.)

नियम सातवा. समतोलाचा गर्व धरू नये. 80-10-10 चं गणित सुटलं म्हणजे आहार समतोल झाला, असं नाही. जस्त, मँगेनीज, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांतलं काही ना काही त्यात कमी पडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी 2013 मध्ये घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती तपासल्या. 95 टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक अपुरा निघाला. तेव्हा पाककृती पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावी आणि त्यांनी सांगितलेली पावडर मुकाट्याने घालावी.

नियम आठवा. कच्च्या मांसातला साल्मोनेला फ्रीझरमध्ये मरत नाही, झोपतो. कुत्रा ठणठणीत दिसला तरी त्याच्या विष्ठेतून, लाळेतून तो घरभर जाऊ शकतो. अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने 2012 पासूनच कच्च्या मांसाला नको म्हटलंय. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारी म्हातारं माणूस असेल तर हा उद्योग करूच नये. मांस शिजवून, हाड न घालता द्यावं. बाकीच्यांनी पाट, सुरी, भांडं वेगळं ठेवून दरवेळी साबणाने धुवावं. कोण धुतं, असं विचारू नका. मीटिंग असते.

तरी एक गोष्ट लिहिली पाहिजे. मागे वाघ्याला जुलाब झाले, तेव्हा भाऊजी रात्रभर त्याच्याजवळ फरशीवर बसून होते. त्या रात्री वजनकाटा नव्हता, वही नव्हती, लांडगाही नव्हता.

नियम नववा आणि शेवटचा. साठवण. रोज 750 ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेबावीस किलो. श्रावणात घरात मांसमच्छी येत नाही, यात सासूबाई कुणाचं ऐकत नाहीत. यंदा त्यांनी निकाल दिला: "वाघ्याला श्रावण नाही, पण फ्रीजला आहे." तेव्हा राजारामपुरी-शाहूपुरीच्या आसपास श्रावण न पाळणारं आणि फ्रीझर रिकामा असलेलं घर कुणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावं. भाडं भाऊजी देतील.