चौकोनात मावेल एवढंच

आमच्या वीरच्या घरात रोजनिशी कुणी लिहीत नाही. लिहिते ती फक्त आई, आणि तीही कालनिर्णयवर. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते काढलं, तेव्हा तारखेच्या चौकोनात तिथी, नक्षत्र, एकादशी वगैरे सगळं भरूनही कोपऱ्यात थोडी जागा ठेवली. ती दुधाच्या हिशेबासाठी असावी. आईने तीत संसार मावतो का, हे पाहायचं ठरवलं.

जागा थोडी, त्यामुळे वाक्यही थोडं. 'गॅस लावला.' 'मनी व्याली. ३.' 'फणसाला कुयरी.' गेल्या शिमग्याला मी डोंबिवलीहून आलो त्या दिवशीची नोंद आहे : 'हा आला. रॉकेल संपलं.' या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

जुनी कालनिर्णयं सुतळीने बांधून माळ्यावर ठेवलेली असतात. परवा ती खाली काढली आणि कुत्र्याची सगळी कथा सापडली. पहिली नोंद : 'कुत्रा आला. जाईल.' तो स्टेशनाकडून आला होता. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला, तेव्हा पुढे रूळच नव्हते. आलेल्याने इथेच उतरायचं. बहुधा कुत्र्याला ही जुनी व्यवस्था कुणीतरी सांगितली असावी. चार दिवसांनी : 'कुत्रा अजून आहे.' मग 'कुत्र्याला भाकरी. शिळी.' पंधरवड्याने 'शिळी' हा शब्द गळला. दीड महिन्याने 'पॅसेंजरला इंजेक्शन, महाड'. म्हणजे मधल्या काळात कधीतरी बारसं झालं होतं, आणि तेवढंच नेमकं लिहायचं राहून गेलं होतं. हल्ली तो नुसता 'पासू' आहे. पडवीत गोणपाटावर झोपतो आणि गाडी शिटी देते तेव्हा एक कान उचलतो, दुसरा नाही. तरी आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "आपला नाय हो तो, असाच बसलाय."

मी फोनवर त्याचे फोटो काढतो. माझ्याकडे त्याच्या शेपटीचे चाळीसेक फोटो आहेत, कारण मी फोन खिशातून काढेपर्यंत तेवढीच उरते.

सगळेच चौकोन गमतीचे नाहीत. २०२१ च्या जुलैत, सावित्रीचं पाणी महाडात शिरलं त्या २२ तारखेला एकच शब्द आहे : 'पाणी'. पुढचे काही चौकोन कोरे. मग 'वीज आली'. मी ते पान उलटून पटकन पुढे गेलो.

वसंताचं तर छापील आणि खरं असं जमतच नाही. वसंत पंचमी छापलेली असते माघात, तेव्हा आमच्याकडे पहाटे गोधडी लागते. आईचा वसंत फाल्गुनातला : 'सावर पडते.' काटेसावरीचं जाड लाल फूल पत्र्यावर पडलं की ठप्प आवाज होतो आणि पासू दचकून आमच्याकडेच संशयाने बघतो. मग 'पांगारा'. मग 'कोकिळा ओरडते ४ वा. झोप नाही'. ओरडतो तो नर, हे मी तिला एकदा ज्ञान म्हणून सांगितलं. "मग बाई काय करते?" बाई कावळ्याच्या घरट्यात अंडं ठेवून जाते, म्हटलं, कावळीण दुसऱ्याचं पोर आपलं म्हणून वाढवते. आईने भाकरी थापता थापता पडवीकडे पाहिलं, मनीच्या तीन पिल्लांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिला ठाऊक असेल रे. पण टाकवत नसेल."

आज सकाळी चहा घेताना चौकोन वाचला : 'पांगारा. पासू शिंकला.'

"शिंकला, हे काय लिहायचं?"

"जागा होती," आई म्हणाली.