उद्या बदललं तर?

तुमच्याही ऑफिसात ते असणारच. खिडकीजवळची जागा, खुर्चीत घरून आणलेली चौकड्यांची उशी, आणि जावा सोडून दुसऱ्या कुठल्याही भाषेचं नाव काढलं की चहात माशी पडल्यासारखा चेहरा. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात त्यांना समोर 'सर' म्हणत आणि पाठीमागे 'डाओकाका'.

डाओ म्हणजे डेटा ॲक्सेस ऑब्जेक्ट. प्रोग्रामात कुठलीही माहिती लागली तर ती स्वतः आणायला जायचं नाही, या मध्यस्थाकडे मागायची. त्याने ती कुठून आणली, डेटाबेसातून की फाईलमधून, याची चौकशी करायची नाही. का? तर उद्या बदललं तर!

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकलं. सन कंपनीतल्या तिघांनी 2001 साली जावाच्या पॅटर्नांचं जे जाडजूड पुस्तक काढलं, त्यात डाओ होता. काकांच्या प्रतीला शाळेच्या वहीसारखं खाकी कव्हर आहे. डेटाबेस बदलला की प्रत्येक कंपनीचं एसक्यूएल थोडं वेगळं बोलतं, ते निस्तरायला एकच जागा असावी, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. काकांच्या उभ्या नोकरीत डेटाबेस एकदाही बदलला नाही. आधी ओरॅकल होतं, नंतरही ओरॅकलच राहिलं. बदलली ती सन कंपनीच. 2010 साली तीही ओरॅकलच्याच घरात गेली.

पण सवय ती सवय. टपरीवर काका स्वतः कधी गेले नाहीत. ऑफिसबॉयला 'चहा' एवढाच शब्द. "कुठून आणतो ते मला कळायला नको. उद्या टपरी बदलली तर?" टपरी अकरा वर्षं तिथेच, त्याच पत्र्याखाली. मुलाचं लग्न समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीशी ठरत होतं, तर निरोप कोथरूडच्या मावशींमार्फत. घरात मात्र काकूंनी ही विद्या त्यांच्यावरच उलटवलेली. भाजी कितीला आणली असं विचारलं की त्या म्हणत, "ताटात आली ना? मग कुठून, कितीला, ते तुम्हाला कशाला?"

आमचं ॲप द्राक्षबागायतदारांसाठी होतं. पाऊस कधी, दमटपणा किती, म्हणजे डाऊनी रोगावरची फवारणी कधी करायची ते ठरतं. हवामान एका परदेशी ऑनलाइन सेवेकडून यायचं. काकांनी तिलाही डाओत बसवलं. वर इंटरफेस, त्यात एक साधी मेथड: गाव द्या, हवामान घ्या. खाली नावाला 'इम्प्ल', म्हणजे इम्प्लिमेंटेशन, लावलेला क्लास. पत्ता बांधणं, विनंती पाठवणं, उशीर झाला तर सोडून देणं, जेसन उलगडणं, सगळी हमाली त्याची. "एवढ्याशा कामाला दोन-दोन क्लास?" मी विचारलं होतं. उत्तर तुम्हाला पाठ झालं असेल.

एका नव्या पोराने घाईत डाओ टाळून थेट सेवेलाच विचारलं. ती तापमान केल्विनमध्ये देते. अंशांत आणायचं काम इम्प्ल गुपचूप करत असे. दुसऱ्या दिवशी निफाडहून फोन: "साहेब, तुमचं ॲप 301 डिग्री दाखवतंय. बेदाणे करू का कोळसा?" काका दिवसभर एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर परवडलं असतं.

पण त्यांचंही चुकायचं. मध्यस्थाने इतकं झाकलं की आत आंतरजाल आहे हेच लोक विसरले. एका मुलीने चारशे गावांसाठी लूप फिरवला. टेबलातून चारशे ओळी वाचाव्यात इतक्या भाबडेपणाने. तिकडे समुद्रापार चारशे विनंत्या गेल्या आणि सेवेने 429 तोंडावर मारला: फार विचारता, जरा थांबा. डेटाबेस असं म्हणत नाही. काकांनी रात्री बसून इम्प्लमध्ये कॅश घातली, चारशेची विनंती एकत्र केली आणि सकाळी म्हणाले, "बघ, वर काही बदललं का?" मुलगी ओशाळली. खरं तर ओशाळायला हवं होतं काकांनी.

ते निवृत्त झाले. श्रीफळ, शाल, केक. दोन महिन्यांनी त्या सेवेने जुनी आवृत्ती बंद केली. रकान्यांची नावं वेगळी, किल्ली पत्त्यात नको, हेडरमध्ये हवी. मी धास्तावून कोड उघडला. एक नवा इम्प्ल लिहिला, जेवणाच्या सुट्टीआधी काम संपलं. निफाडला पत्ताही लागला नाही.

न राहवून फोन केला. मागे मिक्सर चालू होता.

"सर, बदललं."

"वरच्यांना कळलं?"

"नाही."

"मग बरोबर आहे." थोडं थांबून, "माझ्या जागी कोण आलं रे?"

"एक जण आलाय. बत्तीस वर्षांचा असेल."

"हुद्दा तोच?"

"तोच."

"आणि काम कुठे अडलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही, सर."

"अडू नयेच. इंटरफेस तोच, इम्प्ल नवा," काका हसले. मग बराच वेळ नुसता मिक्सर.

"माझी उशी राहिली बघ तिथे. त्याला चालते का?"

"त्याला नको होती," मी म्हटलं. "माझ्या पाठीला आहे."