सिंह पडू द्या

तुमच्या नात्यात नाहीतर गल्लीत ती असणारच, म्हणून ओळख करून देत बसत नाही. वर्गात पहिली. सातवीच्या सुट्टीत 'मृत्युंजय' संपवून "कर्णाचं जरा जास्तच कौतुक केलंय" असं सांगणारी. आणि बापाने पाहुण्यांपुढे मोठ्या हौसेने हाक मारली की हातात 'चंपक' घेऊन बाहेर येणारी. पाहुणे विचारतात, "काय वाचून राहिली, बेटा?" ती मुखपृष्ठ दाखवते. त्यावर चष्मा लावलेला हत्ती असतो. बाप पाहुण्यांना "चहा घ्या, चहा घ्या" करू लागतो.

चंद्रपुरात तुकूमच्या आमच्या गल्लीतली ही आठवीत आहे. गल्ली तिला विदुषी म्हणते. आधी कौतुकाने म्हणायची, आता वैतागाने म्हणते. वैतागाचं कारण सिंह.

गेल्या मे महिन्यात हे सुरू झालं. विदुषी आजोळाहून नेहमीपेक्षा लवकर परत आली होती. पारा 47 च्या पुढे, आणि कूलरसमोरची एकुलती एक गार जागा तिने अडवलेली. पाय भिंतीला टेकवून उताणी, छातीवर पंचतंत्र. आईने आतून हाक मारली, "अगं, गॅसवरचं दूध बघ." उत्तर आलं, "थांब आई, सिंह पडू दे." ससा सिंहाला विहिरीपाशी घेऊन आला होता. ही गोष्ट पोरीला बालवाडीपासून पाठ. सिंह विहिरीत पडतो हे तिला ठाऊक, आईला ठाऊक, दुधालाही ठाऊक असावं. सिंह पडला तेव्हा दूध ओट्यावरून फरशीवर पोचलं होतं.

त्या दिवसापासून सिंह त्या एका गोष्टीपुरता राहिला नाही. फास्टर फेणे चोरांच्या मागे सायकल दामटत असो, की विक्रम राजा प्रेत खांद्यावर टाकून निघालेला असो, बाहेरच्या जगाला उत्तर एकच. जेवायला ये. सिंह पडू द्या. दारात सिलिंडरवाला उभा आहे, तुझ्या मोबाईलवरचा ओटीपी सांग. सिंह पडू द्या. तो बिचारा खांद्यावर सिलिंडर घेऊन तसाच उभा. आता तो आमच्याही दारी आला की आधी तिच्या घराकडे मान वळवून विचारतो, "पडला का जी?" आजी महाकालीच्या दर्शनाला निघताना सुनेला सांगते, "दोन सिंहांत येतो." आमच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट, महाराष्ट्राला उजेड देणारं गाव हे, आणि आमच्याच गल्लीतली लाइन ऐन रात्री जाते. तेव्हा तरी उठेल असं वाटतं. ती मोबाईलचा टॉर्च लावते आणि मला ऐकवते, "लाइन गेली म्हणून सिंह थोडाच वर येणार आहे, काका?"

बापाचं दुःख मोठं आहे, आणि त्याला इतिहास आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये चंद्रपुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष वसंत आबाजी डहाके. विदुषी तेव्हा आईच्या पोटात. बाप बायकोला घेऊन तिन्ही दिवस मांडवात बसला, आणि सगळे परिसंवाद पोरीने अभिमन्यूसारखे ऐकले अशी त्याची पक्की समजूत आहे. पुस्तकांच्या गाळ्यांवरून त्याने तेव्हाच तिचं कपाट भरलं. 'ययाति', 'कोसला', चितमपल्ली. दहाव्या वर्षी हे, बाराव्या वर्षी ते, एकविसाव्या वर्षी राज्यसेवा, असा सगळा हिशेब मांडलेला. पोरीने कपाट ठरल्या वेळेच्या आधीच संपवलं. त्याने ऑफिसात पेढे वाटले. आणि दुसऱ्याच आठवड्यात ती खालच्या गल्लीतल्या दुसरीतल्या पोराकडून 'ठकठक'चे जुने अंक मागून आणताना सापडली.

"भाऊ, पोरगी मागं मागं चालली हो," तो मला म्हणाला. आवाज असा, की घरात कोणाला तरी काहीतरी निघालंय. त्याने तिचे डोळे तपासून घेतले. क्लासच्या सरांना विचारलं. सर म्हणाले लेव्हल घसरली, चालू घडामोडी सुरू करा. चालू घडामोडीही तिने वाचल्या. वाचून झाल्यावर पुन्हा चष्मेवाला हत्ती. बापाने शेवटचं अस्त्र काढलं, "आता मोठी झालीस तू." ती म्हणाली, "भा. रा. भागवत साठी उलटल्यावरही फास्टर फेणे लिहीत होते, बाबा. लिहिणाऱ्याचं वय चालते, वाचणाऱ्याचं काहून नाही?" बाप गप्प. भागवतांच्या वयाबद्दल त्याच्या कपाटात काहीच नव्हतं.

वाचनालयातही तिने तोड काढली. बालविभागाच्या मांडणीपुढे एवढी मोठी पोरगी उभी राहिली की लोक बघतात. म्हणून ती नेहमी दोन पुस्तकं घेते, एक जाड, एक बारीक. पिशवीत वर जाड, खाली बारीक. रस्त्यात बाप भेटला तर वरचं दिसावं. 'कोसला' झाकण म्हणून वापरणारी दुसरी वाचक माझ्या पाहण्यात नाही. आणि हे झाकण वाचायचं राहून गेलंय म्हणाल तर तेही नाही. सांगवीकरच्या होस्टेलच्या दिवसांवर ती तासभर बोलू शकते. बोलतेही, विचारलं नाही तरी.

आता बापाचंही सांगतो, कारण तो स्वतः सांगणार नाही. दिवाळी झाली की वडसा, म्हणजे कागदोपत्रीचं देसाईगंज, जागं होतं. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या थेट होळीपर्यंत गावोगाव हिंडतात. रात्री पडदा उघडतो, पहाट व्हायला आली तरी नाटक चालूच. आमचा हा कठीण साहित्याचा पुरस्कर्ता एकच नाटक एका हंगामात तीन गावांत बघतो. तेच नाटक, तीच गाणी, तोच खलनायक. मायलेकरांची ताटातूट पहिल्या अंकात होते आणि भेट शेवटच्या, हे त्याला पाठ. तरी भेटीच्या आधीच त्याचा रुमाल बाहेर. मागच्या हंगामात आम्ही सगळे गाडी करून गेलो होतो. थंडी मी म्हणत होती, ड्रायव्हर निघायची घाई करत होता. बाप हात वर करून म्हणाला, "अरे थांब, आता माय येते." विदुषी शालीतून तोंड काढून माझ्या कानाशी लागली, "बाबांचा सिंह."

मला मात्र वेगळीच शंका होती. मला वाटायचं, ही जाड पुस्तकं दाखवायला वाचते आणि बारीक मनापासून. एकदा धरलंच तिला. मारुती चितमपल्लींचं आत्मचरित्र, 'चकवाचांदण', तिच्या पिशवीत त्या दिवशी वर होतं. म्हटलं, खरं सांग, याच्यात मजा येते की चंपकवनात? तिने प्रश्न नीट ऐकून घेतला, ही तिची एक वाईट सवय. म्हणाली, "याच्यात मी हळू चालतो, काका. प्रत्येक झाडापाशी थांबावं लागते. चंपकवनात मला कोणाला काही विचारावं लागत नाही. तिथं मी पळतो."

मी चिडवायचं म्हणून विचारलं, आपल्याकडे सिंह नाही, वाघ आहे. वाघाला ससा विहिरीपाशी नेईल का? "आपल्याकडे ससा लागतच नाही," ती म्हणाली, "विहिरीला कठडाच नसते." हे खरं आहे. आमच्या जिल्ह्यात शेतातल्या बिनकठड्याच्या विहिरीत जनावर पडणं ही बातमीसुद्धा आता आतल्या पानावर जाते. पंचतंत्रात सिंह पडला की गोष्ट संपते. आमच्याकडे तिथून सुरू होते. वनखात्याची गाडी येते, दोर येतात, दोराला बांधून बाज आत सोडतात, आणि अख्खी पंचक्रोशी विहिरीभोवती मोबाईल धरून उभी राहते. जनावर वर येतं, गर्दीकडे एकदा बघतं आणि जंगलात निघून जातं. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्याच जंगलात जायचं असतं.

विदुषीचं आजोळ सिंदेवाहीच्या बाजूला. तिकडे मार्च-एप्रिलात बाया पहाटे मोहफुलं वेचायला जातात आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला. मोहफुलं वाकून, बसून वेचावी लागतात, आणि झुडपाआडून बघणाऱ्या वाघाला बसलेला माणूस माणसासारखा दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात मामाच्या घराशेजारची एक मावशी अशीच गेली आणि आली नाही. विदुषी तेव्हा तिथेच होती. लोकांनी जंगलातून टोपली आणून अंगणात ठेवली. तळाला थोडीच फुलं होती, ओली. दुपारपर्यंत ती तिथेच सुकली, कारण टोपली उचलून आत न्यायचं कोणाला सुचेना. हे मला तिच्या आईने सांगितलं. बापाने सांगितलं ते एवढंच, की पोरगी आजोळाहून लवकर परत आली आणि तेव्हापासून तिची लेव्हल घसरली.

चितमपल्ली ती अजून वाचते. वाघाबद्दल वाईट बोललेलंही तिला खपत नाही. फक्त दुपारी तिला असं जंगल लागतं जिथे शेवट आधीपासून ठाऊक आहे.

तरी ती छळतेच. तिला वाटेल तेव्हा ती माझ्या दारात येऊन "काका, तुम्ही वेताळ व्हा" म्हणते आणि मला व्हावं लागतं. झालं असं की रद्दीच्या दुकानात तिला 'चांदोबा'चा जुना बांधीव गठ्ठा सापडला. 1947 मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेलं हे मासिक 1952 मध्ये मराठीत आलं. आमची पिढी त्यावरच अक्षरं ओळखायला शिकली. आता ते बंद पडलंय. लाइन गेली की गल्लीतली पोरं ओट्यावर जमतात आणि विदुषी टॉर्चच्या उजेडात वाचून दाखवते. लहानग्यांना अडलेला शब्द ती न थांबता सोपा करून टाकते, आणि त्यांना तो अडला होता हेही कळू देत नाही. हे काम माझ्या ओळखीच्या अनेक मास्तरांना जमलेलं नाही.

त्या गठ्ठ्यातल्या एका वेताळकथेचं शेवटचं पान फाटलेलं आहे. वेताळ प्रश्न विचारतो आणि गोष्ट तिथेच संपते. आजीने एक उत्तर दिलं, सिलिंडरवाल्याने एक दिलं, बापाने 'ययाति'चा आधार देऊन फार लांबलचक दिलं. विदुषीने सगळी नापास केली. त्या एका गोष्टीचा सिंह काही केल्या पडत नाही, आणि तो पडेपर्यंत संध्याकाळी गल्लीत कोणाचं एक काम होत नाही.

तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर 'चांदोबा'चे बांधीव अंक असतील तर रद्दीत देऊ नका. तुकूमला पाठवा, नाहीतर निरोप द्या, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. फक्त शेवटची पानं शाबूत आहेत का तेवढं आधी बघा.